एसएसडी ड्रायव्हरमधलं गार्बेज कलेक्शन आणि बॅक-प्रेशर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हर सांभाळणारे, डेटाबेस चालवणारे आणि स्टोरेज ड्रायव्हरच्या कोडला हात घालणारे, असे तिन्ही प्रकारचे वाचक डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. उदाहरणं बहुतेक लिनक्सची आहेत, कारण तिथला कोड उघडून बघता येतो.

नवी एसएसडी सुरुवातीला सुसाट चालते आणि काही तास सतत लिहिल्यावर अडखळायला लागते. बिघडली का?

नाही. फ्लॅश मेमरीत आधीच्या मजकुरावर थेट लिहिता येत नाही, आधी पुसावं लागतं. लिहायचं ते पेजच्या मापात, साधारण ४ ते १६ केबी. पुसायचं मात्र अख्ख्या ब्लॉकच्या मापात, आणि एका ब्लॉकमध्ये शेकडो, हल्लीच्या चिपमध्ये हजारांवरही, पेज असतात. म्हणून एखादी नोंद बदलली की नवी प्रत दुसऱ्याच मोकळ्या पेजवर जाते. जुनी प्रत निरुपयोगी होऊन जागच्या जागी पडून राहते आणि कोणता पत्ता आता कुठे आहे याची नोंद एका तक्त्यात होते. हा तक्ता सांभाळणाऱ्या थराला फ्लॅश ट्रान्स्लेशन लेयर, एफटीएल, म्हणतात.

मोकळे ब्लॉक संपत आले की एफटीएल एखादा जुना ब्लॉक निवडतो, त्यातली जिवंत पेज दुसरीकडे उतरवून घेतो आणि मग तो ब्लॉक पुसतो. हेच गार्बेज कलेक्शन, पुढे जीसी. पहिल्या काही तासांत दिसलेला वेग जीसी सुरू होण्याआधीचा होता. डिस्कचा खरा वेग त्यानंतरचा, आणि खरेदी त्या आकड्यावर करावी.

मग बॅक-प्रेशर म्हणजे काय, आणि त्यात ड्रायव्हर कुठे येतो?

पुढच्या टप्प्याला काम झेपेनासं झालं की “जरा थांब” हा निरोप मागच्या टप्प्यापर्यंत पोचवण्याची व्यवस्था म्हणजे बॅक-प्रेशर. इथे दोन वेगळ्या परिस्थिती आहेत. लोक त्यांची सरमिसळ करतात आणि मग उत्तरं चुकतात.

पहिली परिस्थिती नेहमीच्या एसएसडीची. जीसी डिस्कच्या आत, फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये, चालतं. एनव्हीएमई या, एसएसडीशी बोलण्याच्या प्रोटोकॉलमध्ये “माझं जीसी चालू आहे, सावकाश पाठव” असं सांगणारा रोजच्या वापरातला संदेश नाही. ड्रायव्हरला कळतं ते एवढंच, की उत्तरं उशिरा यायला लागली. म्हणजे उशीर हाच निरोप, आणि तो ओळखून आवर घालण्याचं काम वरच्या थरांनी करायचं.

दुसरी परिस्थिती जीसी होस्टवर, म्हणजे तुमच्याच सीपीयूवर, चालतं तेव्हाची. लिनक्समध्ये याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे ओपन-चॅनल एसएसडींसाठी, म्हणजे एफटीएल होस्टवर सोपवणाऱ्या डिस्कसाठी, लिहिलेला पीबीएलके हा ड्रायव्हर (आता कर्नलमधून काढलेला). एफटूएफएस ही फाइल सिस्टिम आणि झोन असलेल्या, म्हणजे ठरावीक पट्ट्यांत क्रमवारच लिहायच्या, डिस्कवरचा बीटीआरएफएस (तीही फाइल सिस्टिम) हेही याच गटातले. इथे मोकळे ब्लॉक किती उरलेत हे ड्रायव्हरला किंवा फाइल सिस्टिमला नेमकं ठाऊक असतं. अंदाज बांधायचा नसतो, निर्णय घ्यायचा असतो. आणि निर्णय चुकला तर दोष फर्मवेअरवर ढकलता येत नाही.

जीसीचा खर्च आधी कागदावर काढता येतो का?

येतो, आणि हिशेब दोन ओळींचा आहे. निवडलेल्या ब्लॉकमधला जिवंत भाग ‘ज’ मानू, ० ते १ च्या दरम्यान. तो ब्लॉक रिकामा करताना ‘ज’ एवढा भाग पुन्हा लिहावा लागतो आणि नव्या मजकुरासाठी ‘१ वजा ज’ एवढीच जागा हाती लागते. म्हणून एकूण लेखन मूळ लेखनाच्या १ ÷ (१ − ज) पट होतं. ब्लॉक निम्मा जिवंत असेल तर २ पट, ७५ टक्के जिवंत असेल तर ४ पट, ९० टक्के असेल तर १० पट. यालाच राइट अ‍ॅम्प्लिफिकेशन म्हणतात.

हा आलेख सरळ रेषेत चढत नाही, शेवटी शेवटी उभा होतो. ८० टक्के भरलेली डिस्क ठीक चालते आणि ९५ टक्क्यांना कोसळते, त्याचं कारण हेच. डिस्क किती भरली आहे आणि लेखन किती विखुरलेलं आहे, या दोन गोष्टींवर ‘ज’ ठरतो. अख्खी डिस्क क्रमवार लिहून क्रमवार पुन्हा लिहिली तर जुने ब्लॉक आपोआप पूर्ण निरुपयोगी होतात आणि जीसीला उतरवून घ्यायला काही उरतच नाही.

लेखन जड झालं हे समजलं. पण माझी वाचनं का रखडतात?

कारण दोघांची चिप एकच. फ्लॅशवरून एक पेज वाचायला ५० ते १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात, लिहायला काहीशे मायक्रोसेकंद ते एखादा मिलिसेकंद, आणि ब्लॉक पुसायला काही मिलिसेकंद. ज्या डायवर, म्हणजे चिपमधल्या सिलिकॉनच्या तुकड्यावर, पुसण्याचं काम चालू आहे तिथेच तुमचं वाचन जाऊन पडलं तर ते पन्नास-शंभर पटींनी लांबतं. बऱ्याच चिपमध्ये पुसणं मध्येच थांबवून वाचनाला वाट देण्याची सोय असते. पण ती कितीदा वापरायची यालाही मर्यादा आहे, नाहीतर पुसणं कधी संपणारच नाही.

म्हणून सरासरी विलंब बघून समाधान मानू नका. सरासरीत १०० वाचनांतलं एक लपतं. एक वेबपान बनवायला जर ५० वाचनं लागत असतील तर ते एक वाचन जवळपास दर दुसऱ्या-तिसऱ्या वाचकाच्या वाट्याला येतं.

लिनक्समध्ये हा दाब चिपपासून अ‍ॅप्लिकेशनपर्यंत कसा चढतो?

खालून वर जाऊ.

डिस्कच्या आत एक लेखन-बफर असतो. जीसी चालू असताना तो सावकाश रिकामा होतो. तो भरला की डिस्क नव्या लेखनाला “झालं” म्हणायला उशीर करते. उत्तर आलं नाही म्हणून त्या विनंतीचा टॅग, म्हणजे रांगेतला तिचा क्रमांक, मोकळा होत नाही. टॅग संपले की लिनक्सचा ब्लॉक थर, म्हणजे २०१४ च्या सुरुवातीला ३.१३ आवृत्तीत आलेला बीएलके-एमक्यू, नव्या विनंत्या ड्रायव्हरकडे देणं थांबवतो आणि पाठवणारा थ्रेड टॅगची वाट बघत झोपतो. वाट बघायची नाही असं सांगूनच विनंती केली असेल, जसं आयओ-युरिंग (न थांबता आयओ पाठवण्याची लिनक्सची सोय) वापरणारे काही प्रोग्रॅम करतात, तर “पुन्हा प्रयत्न करा” असा एरर परत मिळतो.

त्याच्या वर पेज कॅशे. साधं राइट केलं की मजकूर आधी मेमरीत जातो आणि लिहिणाऱ्याला लगेच होकार मिळतो. इथे दाब अडतो, आणि माझ्या मते बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच आहे. मेमरीतल्या न लिहिलेल्या पेजचं प्रमाण १० टक्क्यांवर गेलं की पार्श्वभूमीत लेखन सुरू होतं आणि २० टक्के ही कमाल मर्यादा, ही मूळ सेटिंग. लिहिणाऱ्याला प्रत्यक्ष आवर या दोन्हींच्या मध्यावर, १५ टक्क्यांच्या आसपास, बसायला लागतो. टक्केवारी उपलब्ध मेमरीची असते. २५६ जीबीच्या सर्व्हरवर त्याचा अर्थ असा, की ३५-३८ जीबी साचेपर्यंत लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला खाली काय चाललंय याची खबरही नसते. जीसीच्या कचाट्यात सापडलेली डिस्क सेकंदाला ५०० एमबी उचलत असेल तर तो साठा उपसायला सव्वा मिनिट जातो. तेवढ्यात कुणी एफसिंक, म्हणजे “आत्ताच डिस्कवर लिही” हा आदेश, मारला तर तो त्या गर्दीत सापडतो.

उपाय साधा आहे. टक्केवारीऐवजी थेट बाइट्समध्ये मर्यादा द्या, तीही डिस्कच्या खऱ्या, टिकाऊ वेगाच्या एक-दोन सेकंदांइतकी. डायरेक्ट आयओ, म्हणजे पेज कॅशे टाळून लेखन, वापरणाऱ्या डेटाबेसला हा थर लागतच नाही, त्याला दाब सरळ टॅगवर जाणवतो. ते उलट बरं.

रांग जितकी खोल तितका वेग जास्त, असं वाचलंय. खरं का?

एका मर्यादेपर्यंत. एनव्हीएमईमध्ये ६५,५३५ आयओ रांगा आणि प्रत्येकीत ६५,५३६ पर्यंत नोंदी चालतात. साटाच्या एनसीक्यूमध्ये एकच रांग आणि ३२ नोंदी. त्या तुलनेत हा ऐवज मोठा वाटतो, पण तो वापरायलाच हवा असं नाही. लिनक्सचा एनव्हीएमई ड्रायव्हर स्वतः मूळ सेटिंगमध्ये एका रांगेची खोली १०२४ ठेवतो.

हिशेब करून बघा. एका रांगेत १०२४ लेखनं पडली आहेत आणि डिस्क सेकंदाला ५०,००० उरकते. शेवटच्या लेखनाची पाळी सुमारे २० मिलिसेकंदांनी येते. जीसीमुळे वेग १०,००० वर आला तर तेच १०० मिलिसेकंद. रांग खोल करून डिस्कचा वेग वाढला नाही, फक्त वाट बघण्याची जागा बदलली: विनंत्यांचा क्रम लावणाऱ्या शेड्युलरच्या ताब्यातून डिस्कच्या पोटात. आणि डिस्कच्या पोटात गेलेली विनंती मागेपुढे करता येत नाही. सगळ्या डाय कामाला लागतील इतकी खोली पुरे. त्यापुढची खोली बॅक-प्रेशरला बहिरं करते.

होस्टवर जीसी चालवणाऱ्या ड्रायव्हरनं लेखनाला आवर कसा घालावा?

इथे पीबीएलकेचा कोड वाचण्यासारखा आहे. ओपन-चॅनल एसएसडींसाठीची लाइटएनव्हीएम ही उपप्रणाली २०१६ च्या सुरुवातीला लिनक्स ४.४ मध्ये आली आणि पीबीएलके २०१७ मध्ये ४.१२ मध्ये. पुढे झोन असलेल्या एनव्हीएमई डिस्कचं प्रमाणित तपशीलपत्र आलं, ओपन-चॅनलचा रस्ता मागे पडला आणि २०२१ मध्ये ५.१५ आवृत्तीत सगळी उपप्रणाली काढून टाकली गेली. तरी तिच्यातला रेट लिमिटर काही शे ओळींत पूर्ण प्रश्न मांडतो, म्हणून जुना कोड काढून वाचाच.

रचना अशी. लेखनासाठी एकच रिंग बफर आहे आणि त्यात दोघं जण लिहितात: वापरकर्ता आणि जीसी. दोघांचेही कोटे मोकळ्या ब्लॉकच्या संख्येवर ठरतात. मोकळे ब्लॉक वरच्या खुणेच्या वर असले की सगळी जागा वापरकर्त्याची, जीसीचा कोटा शून्य. खुणेच्या खाली गेले की वापरकर्त्याचा कोटा पायरीपायरीनं उतरतो आणि तो जितका उतरतो तितका जीसीचा चढतो. राखीव संख्येला टेकले की वापरकर्त्याचा कोटा शून्य, सगळं जीसीला. बफरमध्ये कोटा शिल्लक नसेल तर लिहिणारा थ्रेड झोपतो आणि उठून पुन्हा विचारतो. निरोप मागे पोचवायला वेगळी यंत्रणा नाही, झोपलेला थ्रेड हाच निरोप.

यातली खरी गोष्ट मधल्या पायऱ्यांची आहे. पायऱ्या नसत्या, फक्त “चालू” आणि “बंद” असतं, तर वापरकर्ता पूर्ण वेगानं भिंतीपर्यंत जाऊन आदळला असता आणि मग जीसी अख्खा ब्लॉक उपसेपर्यंत सगळे ठप्प. पुण्यात पावसाळा काढलेल्यांना हे ओळखीचं आहे: खडकवासल्याचा विसर्ग आधीपासून टप्प्याटप्प्यानं वाढवला तर नदीपात्रातला रस्ता तेवढा बंद होतो, धरण काठोकाठ भरेपर्यंत थांबलं तर वस्त्यांत पाणी शिरतं. एकूण सोडायचं पाणी दोन्ही वेळा सारखंच असतं. जीसीचंही तसंच: काम टळत नाही, ते कुणाकडून आणि किती मोठ्या हप्त्यानं वसूल करायचं एवढंच ड्रायव्हरच्या हातात असतं. मी नेहमी लहान हप्त्याच्या बाजूनं आहे. रोज ५ टक्के सावकाश चालणाऱ्या डिस्कची तक्रार येत नाही, तासातून एकदा दोन सेकंद गोठणाऱ्या डिस्कची येते.

फक्त मोकळ्या ब्लॉकवर विसंबणं मात्र पुरेसं नाही. ती संख्या घसरेपर्यंत लिमिटरला कळतच नाही की काम महाग झालंय. त्यापेक्षा पुढच्या निवडलेल्या ब्लॉकमध्ये जिवंत भाग किती, हे आधीच बघा. तो ७५ टक्के असेल तर एक पेज मोकळं करायला तीन पेज उतरवावी लागणार. म्हणजे वापरकर्त्याच्या दर एका पेजमागे जीसीला तीन पेजचा वाटा द्यायलाच हवा, मोकळे ब्लॉक सध्या कितीही दिसोत. हे प्रमाण आधारभूत धरायचं आणि मोकळ्या ब्लॉकची संख्या केवळ कमीजास्त दुरुस्तीसाठी वापरायची.

पीआयडी कंट्रोलर (चुकीचं प्रमाण, तिची साठत गेलेली बेरीज आणि बदलाचा वेग बघून दुरुस्ती करणारी यंत्रणा) लावू का?

पीबीएलकेवरच्या २०१७ च्या शोधनिबंधात पीआयडीचाच उल्लेख आहे, प्रत्यक्ष कर्नलमधला कोड मात्र वर सांगितलेल्या साध्या पायऱ्यांचा निघाला. मला त्यात नवल वाटत नाही. मोकळ्या ब्लॉकची संख्या सलग बदलत नाही, एक ब्लॉक पुसला की ती झटक्यानं एकानं वाढते. डेरिव्हेटिव्ह भाग असल्या झटक्यांना खरा बदल समजतो आणि वेग उगाच वरखाली करतो. प्रमाणाचा भाग ठेवा, गरज पडली तर हळू चालणारा इंटिग्रल भाग जोडा आणि मोजणी आधी सरासरीतून गुळगुळीत करून घ्या. जीसी सुरू करण्याची आणि थांबवण्याची खूण वेगवेगळी ठेवायला विसरू नका, नाहीतर एकाच आकड्याभोवती ते सारखं चालू-बंद होत राहील.

जीसी आधीच, निवांत वेळी उरकून टाकलं तर?

थोडं करा, फार नको. आत्ता जिवंत असलेलं पेज तासाभरात वापरकर्ता स्वतःच बदलणार असेल तर ते उतरवून घेण्याची मेहनत फुकट, शिवाय फ्लॅशची झीज. लेखनाला आवर लवकर घालायला सुरुवात करणं वेगळं आणि जीसी अधाशीपणे चालवणं वेगळं. एफटूएफएस इथे दोन धोरणं ठेवतं. पार्श्वभूमीतलं जीसी मूळ सेटिंगनुसार ३० ते ६० सेकंदांच्या अंतरानं, सिस्टिम निवांत असेल तरच चालतं आणि ब्लॉकचं वय व जिवंत भाग दोन्ही बघून निवड करतं. जागा खरंच संपत आली की लिहिणाऱ्याला थांबवून अग्रभागी जीसी होतं आणि तेव्हा फक्त कमीत कमी जिवंत भाग कुठे आहे तेवढंच बघितलं जातं. घाईत असताना शहाणपण परवडत नाही.

राखीव ब्लॉक किती ठेवायचे? आणि जीसीच अडकून पडलं तर?

जीसीला स्वतःलाही लिहायला जागा लागते. शेवटचा मोकळा ब्लॉक वापरकर्त्याला दिला की जीसीकडे उतरवून घ्यायला ठिकाण नाही, ठिकाण नाही म्हणून पुसता येत नाही, पुसता येत नाही म्हणून जागा होत नाही. हा डेडलॉक आहे आणि रिसेट करून सुटत नाही. म्हणून जीसी एका वेळी जितके ब्लॉक उघडून लिहितं तितके, अधिक लिहिताना एखादा ब्लॉक खराब निघाला तर त्याची भरपाई, एवढी राखीव जागा कोणत्याही स्थितीत वापरकर्त्याच्या हाती पडता कामा नये. पीबीएलकेसारखं सगळ्या डायवर आडवं पसरणारं एकक वापरत असाल तर हा हिशेब त्या एककातच करा, सुट्या ब्लॉकमध्ये नव्हे.

दुसरा डेडलॉक मेमरीचा, आणि चाचणीत तो सहसा सापडत नाही. मेमरी कमी पडली की कर्नल न लिहिलेली पेज डिस्कवर लिहून मेमरी मोकळी करू पाहतो. ते लेखन तुमच्याच ड्रायव्हरकडे येतं आणि जीसीची वाट बघत थांबतं. जीसीचा थ्रेड त्याच वेळी बफरसाठी मेमरी मागत असेल तर दोघं एकमेकांकडे बघत बसतात. म्हणून जीसीच्या वाटेवर लागणारी मेमरी मेमपूलमधून, म्हणजे राखीव मेमरीच्या साठ्यातून, आधीच बाजूला काढलेली असावी, नव्यानं मागताना नो-आयओ अट (मेमरी मिळवायला नवं आयओ सुरू करू नये) घालावी आणि वर्कक्यू (पार्श्वभूमीतल्या कामांची रांग) वापरत असाल तर ती मेमरी-रिक्लेमच्या खुणेनं बनवलेली असावी. या चाचण्या कमी मेमरीच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, स्वॅप त्याच डिस्कवर ठेवून करा.

सगळ्यांनाच सारखं थोपवायचं का?

नाही. वाचनं शक्यतो मोकळी सोडा, जीसीची गरज त्यांनी निर्माण केलेली नसते. लेखनांतही फाइल सिस्टिमच्या जर्नलचं, म्हणजे बदलांच्या आगाऊ नोंदवहीचं, लेखन मोठ्या बॅकअपच्या मागे उभं करू नका. जर्नलचा एक कमिट अडला की त्याची वाट बघणारे सगळे प्रोग्रॅम अडतात, मग त्यांनी स्वतः एक बाइटही लिहिलेला नसला तरी. लिनक्समधला आयओ-कॉस्ट हा आयओ-नियंत्रक यावर चांगली तोड काढतो: स्वॅपसाठीचं आणि मेटाडेटाचं लेखन तो लगेच जाऊ देतो आणि त्याचा खर्च त्या सीग्रुपच्या, म्हणजे प्रोसेसच्या गटाच्या, नावे उधार मांडतो. वसुली नंतरच्या साध्या आयओतून होते.

साध्या एसएसडीवर, जिथे जीसी आतच चालतं, तिथे कोणता शेड्युलर लावू?

एनव्हीएमईवर लिनक्स सहसा शेड्युलर लावतच नाही. एकाच कामाचा सर्व्हर असेल तर ते ठीक आहे. वाचन-लेखन मिसळलेलं असेल तर उशिरावरून दाब ओळखणारे पर्याय बघा. राइटबॅक थ्रॉटलिंग २०१७ मध्ये ४.१० आवृत्तीत आलं. वाचनाचा विलंब ठरलेल्या लक्ष्याच्या वर गेला की ते पार्श्वभूमीतल्या लेखनाची खोली कमी करतं. एसएसडीसाठी हे लक्ष्य मूळ सेटिंगमध्ये २ मिलिसेकंद आहे, फिरत्या डिस्कसाठी ७५. कायबर हा शेड्युलर वाचनासाठी २ आणि लेखनासाठी १० मिलिसेकंद धरून रांगांची खोली बदलतो. अनेक कंटेनर एका डिस्कवर असतील तर आयओ-लेटन्सी किंवा आयओ-कॉस्ट.

मूळ आकडे प्रमाण मानू नका. तुमच्या डिस्कचा जीसी चालू असतानाचा साधा विलंबच २ मिलिसेकंदांच्या वर असेल तर थ्रॉटलिंग कायम आवळलेलं राहील आणि लेखन विनाकारण उपाशी मरेल.

ट्रिमनं काय साधतं?

फाइल पुसली हे फाइल सिस्टिमला कळतं, डिस्कला नाही. ट्रिम, म्हणजे “हे पत्ते आता मोकळे” हा डिस्कला निरोप, दिला नाही तर जीसी मेलेल्या फाइलींचीही इमानानं ने-आण करत राहतं. ट्रिममुळे वरच्या सूत्रातला ‘ज’ खाली येतो, म्हणून माझ्या यादीत हा उपाय पहिला. पण दर फाइलमागे लगेच ट्रिम पाठवला तर तोही रांगेत जागा खातो आणि काही डिस्कवर मोठा ट्रिम स्वतःच वाचनांना अडवतो. आठवड्यातून एकदा चालणारा एफस्ट्रिम बहुतेकांना पुरतो. लेखन फार असेल तर रोज, कमी गर्दीच्या वेळी. बीटीआरएफएसमध्ये ट्रिम साठवून सावकाश पाठवण्याची सोय आहे. एन्क्रिप्शनच्या थरातून ट्रिम खाली जातोय ना, हे एकदा तपासा. अनेकदा तो तिथेच अडलेला असतो.

आणि ओव्हर-प्रोव्हिजनिंग?

डिस्कमध्ये दिसते त्यापेक्षा जास्त फ्लॅश असते. आत १ टेबीबाइट, म्हणजे सुमारे १०९९.५ जीबी, फ्लॅश आहे असं धरलं तर १००० जीबी म्हणून विकलेल्या डिस्ककडे जवळपास १० टक्के जादा जागा, ९६० जीबीवाल्याकडे साडेचौदा, ८०० जीबीवाल्याकडे ३७ टक्के. जास्त लेखनासाठीच्या महाग डिस्कचं बरंचसं रहस्य एवढंच. तुम्हीही हे करू शकता: संपूर्ण ट्रिम करून १०-१५ टक्के जागेवर पार्टिशनच बनवू नका.

डीफ्रॅग केलं तर?

नको.

मंदावण्याचं कारण जीसीच आहे हे कसं ओळखायचं?

तीन संशयित असतात. एसएलसी कॅशे, म्हणजे डिस्कमधला जलद लिहिता येणारा छोटा भाग, संपला असेल तर वेग दर वेळी ठरावीक जीबी लिहिल्यावर पडतो आणि थोडी विश्रांती दिली की पूर्ण परत येतो. उष्णतेमुळे असेल तर डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य-नोंदीतलं (स्मार्ट) तापमान आणि थर्मल थ्रॉटलिंगचे गणक वाढलेले दिसतात, शिवाय क्रमवार वाचनही मंदावतं. जीसी असेल तर परिणाम डिस्क किती भरली आहे त्यावर अवलंबून राहतो, विखुरलेल्या लेखनात दिसतो, क्रमवार लेखनात जवळजवळ नाहीसा होतो, आणि वाचनाची सरासरी फारशी न हलता शेवटचा एक टक्का लांबतो. डिस्क फ्लॅशवर प्रत्यक्ष किती लिहिलं ते सांगत असेल, डेटा सेंटरच्या बऱ्याच डिस्क सांगतात, तर त्याला होस्टनं लिहिलेल्या आकड्यानं भागा. दहा मिनिटांच्या अंतरानं घेतलेल्या दोन नोंदींचा फरक वापरा, जन्मापासूनची बेरीज नव्हे.

आयओस्टॅटमधल्या ‘युटिल’ टक्केवारीकडे एनव्हीएमईसाठी बघू नका. एकही विनंती चालू असली की तो वेळ व्यस्त धरला जातो. वाचन आणि लेखनाचा वेगवेगळा ‘अवेट’ बघा, आणि बीपीएफवर (कर्नलमध्ये डोकावण्याची सोय) आधारलेल्या बायोलेटन्सी या साधनाचा हिस्टोग्राम.

चाचणी करताना काय सांभाळावं?

रिकाम्या डिस्कवर मोजू नका. एसएनआयए या स्टोरेज उद्योगाच्या संघटनेच्या चाचणी-पद्धतीत आधी क्षमतेच्या दुप्पट लेखन करून घेतात आणि मग आकडे सलग ५ फेऱ्यांत स्थिर होईपर्यंत चाचणी चालते. एफआयओ हे चाचणीचं साधन पूर्ण वेगानं सोडू नका, ठरावीक दरानं विनंत्या पाठवा. पूर्ण वेगात डिस्क दोन सेकंद गोठली तर एफआयओही तेवढा वेळ नवी विनंती पाठवत नाही, आणि त्या दोन सेकंदांत ताटकळले असते असे हजारो ग्राहक अहवालात येतच नाहीत.

झोन असलेल्या डिस्क आणि एफडीपी आल्यावर हा प्रश्न मिटतो का?

जागा बदलतो. २०२० मध्ये प्रमाणित झालेल्या झेडएनएसमध्ये, म्हणजे झोन असलेल्या एनव्हीएमई डिस्कमध्ये, प्रत्येक झोन क्रमवारच लिहायचा आणि पूर्ण रिसेट करायचा, त्यामुळे डिस्कच्या आतलं जीसी जवळजवळ संपतं आणि ते फाइल सिस्टिमकडे किंवा डेटाबेसकडे येतं. एफडीपीमध्ये (फ्लेक्झिबल डेटा प्लेसमेंट) डिस्क जीसी स्वतःकडेच ठेवते. होस्ट फक्त “हा मजकूर एकत्र मरेल” असा इशारा देतो. जुनं सॉफ्टवेअर न बदलता चालतं म्हणून सामान्य कंपन्यांसाठी मला एफडीपी जास्त व्यवहार्य वाटतं. आवर घालण्याची गरज दोन्हीकडे उरतेच. रॉक्सडीबी हे डेटाबेस इंजिनच बघा: शून्य क्रमांकाच्या पातळीवर २० फाइली साचल्या की लेखन सावकाश, ३६ झाल्या की बंद. ड्रायव्हरमधल्या त्याच दोन खुणा, फक्त चार मजले वर.

फोन वर्ष-दोन वर्षांत मंदावतो, तेही हेच?

काही अंशी. स्टोरेज काठोकाठ भरलेलं असेल तर नक्कीच. थोडी जागा मोकळी ठेवा आणि रात्री चार्जिंगला लावा, अँड्रॉइड ट्रिमसारखी कामं फोन निवांत आणि चार्जिंगवर असताना उरकतो.

डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, टाइमआउट दिसतात. वेळ वाढवू का?

आधी कोणता टाइमआउट ते बघा. एनव्हीएमई ड्रायव्हर आयओला मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंद देतो, नंतर अबॉर्ट आणि मग कंट्रोलर रिसेट. निरोगी डिस्क नुसत्या जीसीमुळे ३० सेकंद गप्प बसत नाही. तसं झालं तर फर्मवेअर किंवा हार्डवेअर तपासा. रिसेटनं जीसीचं काम कमी होत नाही, उलट डिस्कला सुरुवात नव्यानं करावी लागते. हा घड्याळाचा काटा विनंती ड्रायव्हरकडे गेल्यावर सुरू होतो, टॅगची वाट बघण्यात गेलेला वेळ त्यात धरला जात नाही. त्यामुळे उथळ रांगेचा इथेही फायदा.

होस्टवर जीसी चालवणारा ड्रायव्हर थेट बायो स्तरावर, म्हणजे टॅग मिळण्याच्या आधीच्या थरावर, काम करत असेल तर त्याला हा टाइमआउट लागूच नाही. तिथे पहिली खबर १२० सेकंद अडकलेल्या टास्कच्या इशाऱ्यातून मिळते. त्या वेळी सगळ्या थ्रेडचे स्टॅक उतरवून घ्या. लिहिणारे कोट्याची वाट बघत झोपलेले आणि जीसीचा थ्रेड पुसण्याच्या उत्तराची वाट बघणारा असेल तर डिस्ककडे वळा. जीसीचा थ्रेड मेमरी मागण्याच्या फंक्शनमध्ये अडकलेला दिसला तर डिस्कचा काही दोष नाही, मेमपूलचा कोड उघडा.